विश्वाचा अंत आणि फ्लिप कव्हर

दोन विज्ञानकथाप्रेमी भेटले की साधारण दहाव्या मिनिटाला विश्वाचा अंत होतो. अकराव्या मिनिटाला त्यांतला एक जण पिशवीत हात घालून ई-रीडर काढतो आणि म्हणतो, “हे कव्हर बघितलंस का? नवीन घेतलंय.” खरी चर्चा तिथून सुरू होते. आधीची नुसती नांदी.

पुण्यात एरंडवण्यातल्या एका बागेत दर रविवारी सकाळी असा एक कट्टा भरतो. बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या मावशी, दातांचे एक डॉक्टर, हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आणि संशोधन करणारा एक मुलगा, हे कायमचे सभासद. मुलाचं संशोधन कशावर आहे ते आजवर कुणाला नीट कळलेलं नाही. पण चहाचे पैसे द्यायची वेळ आली की तो दिसेनासा होतो, त्यावरून विषय कृष्णविवरांचा असावा असा काकांचा कयास आहे. मी या कट्ट्यावर श्रोता या पदावर आहे. पद मानाचं नाही, पण ते रिकामं राहिलं तर सगळेच बोलत बसतील.

कादंबऱ्यांच्या बाबतीत सगळ्यांची मतं केव्हाच ठरून गेली आहेत. काका असिमॉव्हचे. ‘फाउंडेशन’मधला हॅरी सेल्डन साम्राज्य बुडणार हे गणिताने आधीच काढतो आणि त्यानंतरची तीस हजार वर्षांची अंदाधुंदी एक हजार वर्षांवर आणायची योजना आखतो, हे सांगताना काकांचा गळा दाटून येतो. “आम्हाला ब्रँचमध्ये ३१ मार्चचा हिशेब १५ एप्रिलपर्यंत जुळवता आला नाही हो कधी!” मावशी जयंत नारळीकरांच्या. ‘वामन परत न आला’ला कुणी नुसतं ‘बरी आहे’ म्हटलं, तरी प्रयोगवहीत निरीक्षणं आधी लिहून प्रयोग मागाहून करणाऱ्या पोराकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघतात.

डॉक्टर फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’चे. वीसेक प्रकाशकांनी ती कादंबरी परत पाठवली आणि शेवटी १९६५ साली जिने छापली ती चिल्टन कंपनी मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होती, हा किस्सा ते पेशंटच्या तोंडात आरसा घातलेला असताना सांगतात. त्यामुळे ‘ड्यून’बद्दल त्यांच्याशी वाद घातलेला माणूस सापडत नाही. हिंजवडीची मुलगी लिऊ त्सिशिनच्या ‘द थ्री बॉडी प्रॉब्लेम’ची. या चिनी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिच्यातल्या ग्रहाला तीन सूर्य आहेत, त्यांतला कोणता कधी उगवेल आणि कोणता कधी भाजून काढेल याचा नेम नाही. मुलीला यात अद्भुत असं काही वाटलं नाही. तिच्या प्रोजेक्टवर तीन मॅनेजर आहेत.

संशोधक मुलगा डग्लस अ‍ॅडम्सचा. त्याच्याकडे पुढे वळू.

सांगायचा मुद्दा, या मतांत आता काही हलत नाही. आकाशगंगा आणि देवयानी यांची टक्कर व्हायची तेव्हा होवो, काका आणि डॉक्टरांची दर रविवारी ठरलेली. काकांना ‘ड्यून’मध्ये वाळू फार लागते, डॉक्टरांना ‘फाउंडेशन’मध्ये माणसं कमी पडतात. कव्हरचं तसं नाही. कव्हर हातात घेता येतं, उलटंपालटं करता येतं, वास घेऊन रेक्झिन की खरं चामडं ते सांगता येतं. मुख्य म्हणजे “कितीला पडलं?” हा प्रश्न विचारता येतो. ‘फाउंडेशन’ वाचली नसेल तर माणूस कट्ट्यावर मान खाली घालून बसतो. पण कव्हरवर बोलायला आधी काही वाचलेलं असावं लागत नाही. परवा एक गृहस्थ नुसते कुत्र्याला फिरवत चालले होते, तेही थांबून दोन सूचना करून गेले.

आणि यात नवल ते काय? जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं घालत आपण लहानाचे मोठे झालो. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, मिक्सरला झालरीचा झगा आणि सोफ्यावर पाहुणे दारात येईपर्यंत जुनी चादर, ही आपली संस्कृती. अशा घरात सहा इंची काळा पडदा उघड्या अंगाने शिरला तर त्याला आधी कपडे घातले जाणार. विज्ञानकथा लिहिणारा यंत्र काय करील याचा विचार करतो. वाचणारा, यंत्राला ओरखडा पडेल का, याचा.

खरं तर या यंत्राइतकं निरिच्छ यंत्र शोधून सापडायचं नाही. पडद्याच्या आत केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण, दोघांवरचे विद्युतभार परस्परविरुद्ध. विजेचा इशारा झाला की काळे तरी वर येतात नाहीतर पांढरे. एकदा अक्षर उमटलं की ते तसंच राहतं. त्याला धरून ठेवायला वीज लागत नाही, लागते ती पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे निघतात. आणि या यंत्रासाठी काका पॉवर बँक आणतात. बागेत. दोन तासांसाठी. पॉवर बँकेला वेगळी थैली आहे, थैलीला नाडी आहे, आणि केबल नाडीत गुंतू नये म्हणून केबलला आणखी एक डबी आहे. पूर्वी ही डबी काकूंच्या कुंकवाची होती असं म्हणतात.

काकांच्या खजिन्यातलं रत्न मात्र पान उलटायचा रिमोट. त्याचे दोन तुकडे. एक चिमटा, तो ई-रीडरच्या उजव्या कडेला अडकवायचा. दुसरा अंगठ्याएवढा, एकाच बटणाचा, तो मुठीत. बटण दाबलं की चिमट्याच्या टोकाखाली पडद्याला बोट लागल्याचा भास होतो आणि पान उलटतं. म्हणजे डिसेंबरच्या थंडीत गोधडीतून हात बाहेर न काढता अख्खी कादंबरी वाचता येते. मानवजातीने आजवर लावलेल्या शोधांत काका याला चाकाच्या खालोखाल स्थान देतात. अडचण एकच. रात्री वाचता वाचता डोळा लागला आणि रिमोट कुशीखाली आला, तर कूस बदलेल तशी पानं उलटत राहतात. एकदा सकाळी उठून बघतात तर साम्राज्य बुडालेलं.

मावशींनी बाजारचं कव्हर घेतलं नाही. त्यांनी हिरव्या खणाचं शिवून घेतलं. आतून जुन्या सुती साडीचं अस्तर, कडेला लाल गोट, आणि बंद करायला एका फाटलेल्या पर्सचं चुंबकाचं बटण. शिंप्याने जीव ओतला होता. पण घरी आणून लावलं आणि यंत्र सारखं झोपायला लागलं. झडप मागे दुमडली की पडदा बंद, सरळ केली की चालू. कंपनीच्या कव्हरात चुंबक असतो, झाकण मिटलं की तो यंत्राला झोपायची खूण करतो. शिंप्याचं बटण दुमडल्यावर नेमकं त्याच जागी येत होतं. मावशींनी शाळेतल्या होकायंत्राने दोन मिनिटांत निदान केलं. मुलगी म्हणाली, “मावशी, बटण काढून टाका ना.” मावशी म्हणाल्या, “काढलं तर खणाला भोक पडेल.” तेव्हापासून त्या झडप डाव्या हाताने ताठ उभी धरून वाचतात. यंत्र काय, दुसरं मिळेल.

डॉक्टरांकडे वाकवावी तशी वाकणारी लांब मानेची दांडी आहे. तिचा शिकंजा पलंगाच्या कडेला आवळायचा आणि ई-रीडर बरोबर तोंडावर आणायचा. आपण आडवं पडून वर काहीतरी लटकताना बघायची वेळ डॉक्टरांवर आयुष्यात पहिल्यांदा आली. त्यांच्या सौभाग्यवतींच्या सांगण्यानुसार, वाचताना त्यांचं तोंड आपोआप उघडतं.

मुलगी तरुण आहे, त्यामुळे तिचा तर्क शुद्ध आहे. ई-रीडर घेतला, कारण त्याच्या पडद्याला चमक नसते. पडद्याला चरा पडू नये म्हणून त्यावर काच बसवली. काच चमकते, म्हणून काचेवर मॅट फिल्म लावली. फिल्मवर धूळ बसते, म्हणून ब्रश घेतला. ब्रशला अर्थातच टोपण आहे.

संशोधक मुलाकडे यातलं काही नाही. त्याच्या यंत्राच्या कोपऱ्याला चिकटपट्टी आहे आणि तिला तो तत्त्वज्ञान म्हणतो. अँडी वीअरच्या ‘द मार्शन’मध्ये मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे आणि डक्ट टेप यांच्या जोरावर तगतो, हा त्याचा आधार. वीअरने ती कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकली होती. वाचकांनी किंडलवर हवी म्हणून धोशा लावला, तेव्हा ९९ सेंटला ठेवली. पुढे पुस्तक निघालं, सिनेमा निघाला. “म्हणजे कादंबरी ९९ सेंट,” काका म्हणाले, “आणि तिला वाचायच्या यंत्राच्या कव्हरला बाराशे रुपये. धंदा कव्हरचाच करायला हवा होता त्याने.”

याच चर्चेतून एका रविवारी प्रश्न निघाला: विज्ञानकथाकारांना हे यंत्र आधी दिसलं होतं, मग कव्हर कसं दिसलं नाही?

यंत्र दिसलं होतं यात वाद नाही. पोलंडच्या स्तानिस्लाव लेमने १९६१ सालच्या ‘रिटर्न फ्रॉम द स्टार्स’मध्ये कागदी पुस्तकं हद्दपार केलेलं जग दाखवलं. मजकूर स्फटिकात साठवलेला, आणि वाचायला एकच पान असलेलं यंत्र. हात लावला की त्याच पानावर पुढचा मजकूर. असिमॉव्हच्या १९५१ सालच्या एका छोट्या गोष्टीतल्या मुलांना २१५७ साली माळ्यावर कागदी पुस्तक सापडतं, आणि त्यातली अक्षरं हलत नाहीत म्हणून ती चकित होतात. नील स्टीफन्सनच्या ‘द डायमंड एज’मध्ये तर एक बोलकं, शहाणं पुस्तक एका गरीब मुलीला लहानाची मोठी करतं. किंडल तयार होत असताना त्याचं गुपित नाव ‘फियोना’ होतं, ते याच कादंबरीतल्या एका पात्रावरून. कादंबरीतल्या पुस्तकाने मुलीला घडवलं. २००७ साली बाजारात आलेल्या फियोनाच्या पुढच्या बहिणी स्वस्तात हव्या असतील, तर झोपेतसुद्धा जाहिराती दाखवतात.

पण कव्हर? लेमच्या स्फटिकाला नाही, असिमॉव्हच्या मुलांना नाही. काकांनी मग कॅप्टन निमो काढला. ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीत निमोचं बारा हजार पुस्तकांचं ग्रंथालय होतं, आणि ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये तो बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो. बुंदेलखंड म्हटल्यावर छत्रसाल आला, छत्रसाल म्हटल्यावर बाजीराव आला, आणि अर्ध्या तासात निमोचं मूळ घर शनिवार पेठेत असल्याचं सिद्ध झालं. “तरीही कव्हर नाही,” मावशी म्हणाल्या. “बारा हजार पुस्तकं, चहूकडे खारं पाणी, आणि एकाला ब्राऊन पेपर नाही. पुण्याचा नक्कीच नव्हे.”

डॉक्टरांनी ‘ड्यून’ पुढे सरकवली. तिच्यात नायकाला अंगठ्याएवढ्या आकाराचा धर्मग्रंथ भेट मिळतो. पानं इतकी पातळ की विद्युतभाराने उलटायची, आणि सोबत त्याचं स्वतःचं भिंग. भिंग! १९६५ साली! अ‍ॅक्सेसरीचा पहिला प्रेषित म्हणून हर्बर्टच्या नावावर शिक्कामोर्तब होणार, इतक्यात संशोधक मुलगा प्रथमच घसा खाकरून उभा राहिला.

१९७९ सालच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’त अवकाशातल्या वाटसरूंसाठी एक इलेक्ट्रॉनिक मार्गदर्शक आहे: कॅल्क्युलेटरसारखा, छोट्या पडद्याचा, बटणांनी गजबजलेला. इथवर बाकीचे लेखकही येतात. पण अ‍ॅडम्सला पुढचंही दिसलं. त्याने त्या मार्गदर्शकाला प्लास्टिकचं घट्ट बसणारं कव्हर दिलं, आणि यंत्र भलतंच किचकट दिसतं म्हणून कव्हरवर न घाबरण्याचा सल्ला ठळक अक्षरांत छापला. शिवाय प्रवाशाने जवळ बाळगावी अशी सर्वांत उपयोगी वस्तू कोणती? पिस्तूल नव्हे, टॉवेल. त्याचे चाहते दर वर्षी २५ मेला टॉवेल दिन पाळतात.

कट्टा क्षणभर स्तब्ध झाला. मग काका म्हणाले, “टॉवेल? अहो, हा तर आपलाच माणूस. आमचे आजोबा खांद्यावर पंचा टाकल्याशिवाय अंगणाबाहेर पाऊल टाकत नसत.”

मला मुलाचं म्हणणं पटलं. बाकीचे लेखक भविष्यकाळाच्या भव्यतेने दिपून गेले. माणूस तिथेही माणूसच राहणार, हे अ‍ॅडम्सच्या ध्यानात आलं. भविष्यकाळ हातात पडला की पहिली भीती वाटते ती तो हातातून पडण्याची. मग आपण त्याला अस्तर लावतो, नाडी बांधतो, कुंकवाची डबी देतो. तेवढं झालं की तो परका राहत नाही.

मावशींना मात्र पहिला मान इंग्लंडला जाणं मान्य नव्हतं. “कव्हरचंच बोलायचं तर १९७४ साली मराठीत एक झालेलं आहे,” त्या म्हणाल्या. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली, बस. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. “लेखकालाच कव्हर!” मावशी म्हणाल्या. “आणि खर्च शून्य.” यावर टाळ्या पडल्या. खर्च शून्य या दोन शब्दांना पुण्यात कधीही टाळ्या पडतात.

वॉटरप्रूफचा मुद्दाही असाच निकालात निघाला. मुलीने आपल्या नव्या ई-रीडरचं कौतुक केलं: दोन मीटर खोल, गोड्या पाण्यात, साठ मिनिटं. काकांनी विचारलं, “साठच? आमच्या तुकोबांच्या गाथेचं रेटिंग तेरा दिवसांचं आहे. इंद्रायणीही गोड्या पाण्याचीच.” त्यावर मुलगी म्हणाली की गाथा लोकांना पाठ होती असंही सांगतात, म्हणजे बॅकअप होता. काकांनी ही दुरुस्ती उदार मनाने स्वीकारली.

बॅकअप म्हटल्यावर डॉक्टरांना २००९ सालची गोष्ट आठवली. त्या जुलैत अमेरिकेत लोकांनी विकत घेतलेली ऑरवेलची दोन पुस्तकं, ‘अ‍ॅनिमल फार्म’ आणि ‘१९८४’, त्यांच्या किंडलमधून दूरवरूनच पुसली गेली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असं निघालं. लोकांना पैसे परत मिळाले. पण सत्ताधारी जुने कागद नाहीसे करतात ती कादंबरीच नाहीशी व्हावी! सगळे गप्प बसले. काकांनी आपल्या यंत्राचं झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा मिटलं आणि हळूच विचारलं, “म्हणजे कव्हर बंद असतानासुद्धा?”

“यावर इलाज एकच,” डॉक्टर म्हणाले. “ब्रॅडबरीचा.” ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीतून निसटलेली माणसं एकेक पुस्तक पाठ करतात आणि स्वतःच पुस्तक होऊन हिंडतात. ना चार्जर, ना चिमटा, ना दांडी. ठरलं. प्रत्येकाने एक कादंबरी पाठ करायची. वाटप तिथेच सुरू झालं. मावशींनी ‘वामन परत न आला’ला हात घातला, तो कुणी अडवणार नव्हतंच. काकांनी ‘फाउंडेशन’चा पहिला भाग घेतला, उरलेले भाग काकू पाठ करतील असं परस्पर जाहीर केलं. डॉक्टरांनी ‘ड्यून’ घेतली आणि मागची परिशिष्टं, शब्दसूची वगैरे धरायची का, यावर घासाघीस सुरू केली. मुलीने ‘थ्री बॉडी’ची त्रयी तीन मॅनेजरांत वाटून दिली. संशोधक मुलगा म्हणाला, “अ‍ॅडम्स माझा. विश्वाच्या कोड्याचं उत्तर ४२ येतं एवढं पाठ आहे, बाकीचं जमवतो.” आणि उठून चहाच्या दिशेने, म्हणजे चहाच्या विरुद्ध दिशेने, गेला.

काका मात्र अजून अस्वस्थ होते. “ते सगळं ठीक,” ते म्हणाले, “पण या चालत्याबोलत्या कादंबऱ्या पहाटे बागेत येणार. दव पडतं. एखादीचा घसा बसला की गेली दहा प्रकरणं.” त्यांनी पिशवीत हात घातला आणि कानटोपी काढली. तपकिरी, लोकरीची, हनुवटीखाली बंद होणारी.

मावशींनी टोपी हातात घेतली, उलटी करून अस्तर बघितलं, मग बटण नखाने टोकरून बघितलं. चुंबकाचं नव्हतं. तेवढ्यावर त्यांनी मान्यता दिली. नाहीतर टोपी घातली रे घातली, की कादंबरी झोपायची.